फाइल आहे, उघडणारं सॉफ्टवेअर नाही : वाचकांचे प्रश्न

यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत : फाइल जपून ठेवली, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर कंपनीनं बंद केलं. उत्तरांआधी दोन गोष्टी सगळ्यांसाठी. मूळ फाइलीला हात लावू नका. तिची प्रत करा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा. आणि फाइलीच्या नावामागच्या शेपटावर विसंबू नका. एव्हीआय, एमओव्ही ही नुसती पिशवीची नावं आहेत, आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीनं दाबून भरलेत ते त्यावरून कळत नाही. ‘मीडियाइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं. आधी ते बघा, मग उपाय शोधा.

थोरल्या भावाच्या २००१ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आहेत. २०१९ च्या पुरात त्या दोन दिवस पाण्यात होत्या. एक चालते, एक अर्ध्यावर अडकते, तिसरी कॉपी करताना एरर येते. दुकानदार म्हणाला, टाकून द्या. काय करावं?
– एक वाचक, शाहूपुरी

टाकून देऊ नका. पहिलं काम संगणकाचं नाही, धुण्याचं आहे. पुराचं पाणी ओसरल्यावर सीडीवर बारीक गाळ सुकून बसतो. तो कोरड्या कापडानं पुसला, तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे पडतात. पसरट भांड्यात साधं पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि सीडी दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग वाहत्या पाण्याखाली धरा. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचं असू द्या, म्हणजे क्षारांचे डाग राहणार नाहीत. मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा सीडी वाचणारा किरण ओलांडून जातो, पण त्या रेषेवरूनच लांबवर गेलेला ओरखडा त्याला ओलांडता येत नाही. थिनर लावू नका, चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका. चमकता थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्याच्यावर वार्निशचा पातळ पापुद्रा तेवढा असतो. सीडी सावलीत उभी ठेवून वाळवा. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली, तर तिथला भाग गेला. बाकीचा मिळू शकतो.

आता एरर का येते ते बघू. सीडीवरच्या प्रत्येक कप्प्यात २३५२ बाइट बसतात. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ कामाचे असतात आणि उरलेल्यांतले बरेचसे चूक दुरुस्त करायला राखलेले असतात. व्हीसीडीत २३२४ बाइट चित्र आणि आवाजालाच दिलेले असतात. म्हणून ७४ मिनिटांचं चित्रण एका सीडीत मावतं, पण दुरुस्तीचा तो जादा थर जातो. टीव्हीखालचा प्लेअर खराब कप्पा सोडून पुढं सरकतो, चित्र क्षणभर चौकोनी होतं, एवढंच. संगणकाला मात्र कॉपी करताना एक कप्पा वाचता आला नाही, की तो सगळी फाइल नाकारतो.

म्हणून फाइल ओढून कॉपी करायच्या फंदात पडू नका. विंडोजवर ‘आयसोबस्टर’ किंवा लिनक्सवर ‘व्हीसीडीएक्सरिप’ वापरा. ही साधनं व्हीसीडीचे कप्पे कच्च्या स्वरूपात वाचतात आणि त्यांतून एमपेग चित्रण वेगळं काढतात. ड्राइव्हचा वेग चार किंवा आठ पट एवढाच ठेवा. एका ड्राइव्हवर अडलं तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून बघा. एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा सहज वाचतो, हे नेहमी घडतं. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपचा जुना डीव्हीडी रायटर बरा.

तुमची जी सीडी नीट चालते, तिच्यातली ‘एव्हीएसईक्यू०१’ ही ‘.डॅट’ फाइल ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधून नुसती कॉपी झाली तरी चालेल. ‘व्हीएलसी’ या मोफत प्लेअरमध्ये ती आहे तशी लागते. मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावायची असेल, तर ‘शटर एन्कोडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘रीरॅप’ निवडा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त पिशवी बदलते, काही मिनिटांचं काम. मूळ चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आहे. कुणी ‘एचडी करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. फाइल फुगेल आणि चेहरे मेणाचे दिसतील.

आमच्या शाळेत २००७ च्या सुमाराला मराठी आणि गणिताचे चालते-बोलते पाठ करून घेतले होते. काही ‘.एसडब्ल्यूएफ’ आहेत, काही ‘.ईएक्सई’. ब्राउझरमध्ये आता काहीच उघडत नाही. मुलांना ते फार आवडायचे.
– निवृत्त शिक्षिका, कळंबा

बाई, तुमचे पाठ शाबूत आहेत. ‘.एसडब्ल्यूएफ’ उघडणारा फ्लॅश प्लेअर अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातलं साहित्य चालणं थांबवलं. फाइलींना त्यानं काही झालं नाही. ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्या अनोळखी ठिकाणांहून मात्र काहीही घेऊ नका. बंद झालेल्या सॉफ्टवेअरच्या नावावर व्हायरस वाटायची ती जुनी युक्ती आहे.

‘रफल’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते ब्राउझरला जोडता येतं आणि स्वतंत्रही चालतं. शाळेसाठी स्वतंत्र बरं. फ्लॅशमधल्या सूचना दोन पिढ्यांच्या भाषेत लिहिल्या जायच्या. जुनी, म्हणजे ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २, रफलला जवळपास पूर्ण कळते. नवी, म्हणजे ३, २००६ साली फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आली. ती बरीचशी कळते, सगळी नाही. तुमचे पाठ नेमके या सांध्यावरचे आहेत, त्यामुळे काही लगेच चालतील आणि एखाद्यात बटण दाबलं तरी पुढचं पान येणार नाही. कुठला पाठ कुठल्या भाषेत आहे ते ‘जेपीईएक्सएस’ या मोफत साधनात फाइल उघडली की दिसतं.

पाठ सुरू होतो पण चित्रं येत नाहीत, असं झालं तर फाइल एकटी उचलून आणली आहे का ते बघा. बरेच पाठ शेजारच्या फोल्डरमधून चित्रं, आवाज आणि एक्सएमएल फाइली ओढून घेतात. सीडीवरचं अख्खं फोल्डर, नावं आणि रचना न बदलता, कॉपी करा. रफलनं फाइली वाचायची परवानगी मागितली तर द्या.

मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर दोष रफलचा नाही. त्या काळी श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट वापरले जायचे, त्यांत मराठी वळणं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पाठ करणाऱ्यानं फॉन्ट फाइलीतच भरला असेल तर अडचण येत नाही. नसेल, तर तोच फॉन्ट संगणकावर बसवावा लागतो. नाव जेपीईएक्सएसमध्ये कळेल. शाळेच्या जुन्या संगणकाच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये आधी शोधा. तो संगणक भंगारात जायच्या आत.

‘.ईएक्सई’मध्ये प्लेअर आतच भरलेला असतो, त्यामुळे यांतल्या बहुतेक आजच्या विंडोजवरही दोनदा क्लिक केल्यावर चालतात. नाही चालली तर जेपीईएक्सएसनं पोटातली ‘.एसडब्ल्यूएफ’ बाहेर काढा. शेजारी ‘एक्स्ट्राज’ नावाचं फोल्डर किंवा ‘.डीएक्सआर’ फाइली असतील, तर तो पाठ फ्लॅशचा नाही, ‘डायरेक्टर’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. रफल तिथं उपयोगाचं नाही. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्ये विंडोज एक्सपी बसवून, सीडीची आयएसओ प्रतिमा (अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत) त्याला जोडून चालवायचा. एवढं करूनही जो पाठ हट्टानं चालत नाही, त्यातला आवाज आणि चित्रं जेपीईएक्सएसमधून सुटी काढून ठेवा. जो एकदा तरी चालतो, त्याचं ‘ओबीएस स्टुडिओ’नं स्क्रीन-चित्रण करून ठेवा. मुलांना बटणं दाबता येणार नाहीत, पण धडा ऐकता-बघता येईल.

मुलीच्या बारशाचा व्हिडिओ २००८ साली मूव्ही मेकरमध्ये केला होता. ‘.एमएसडब्ल्यूएमएम’ फाइल आहे. व्हीएलसीनंही उघडत नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

फाइलीचा आकार बघा. काही केबी किंवा एखादा एमबी असेल, तर तिच्यात चित्रण नाही. ती वाण्याची यादी आहे, किराणा नाही. कुठली क्लिप, कितव्या सेकंदापासून, वर कुठलं गाणं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे ती एमपी४ करून देणारं सॉफ्टवेअर कुठंच मिळणार नाही, कुणी तसं सांगितलं तरी.

शोधायच्या दोन गोष्टी : त्या वेळी ‘सेव्ह मूव्ही’ केलं असेल तर ‘.डब्ल्यूएमव्ही’ फाइल, आणि मूळ क्लिपा. जुन्या हार्ड डिस्कवर सगळ्या फाइली आकारानं लावा, मोठ्यांपासून खाली बघत या. नंतरच्या लाइव्ह मूव्ही मेकरची ‘.डब्ल्यूएलएमपी’ फाइल असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडते आणि प्रत्येक क्लिप कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये होती ते वाचता येतं.

भजनी मंडळाची २००० सालची ध्वनिमुद्रणं ‘.आरएम’ आणि ‘.रॅम’ फाइलींत आहेत.
– एक वाचक, गारगोटी

‘.आरएम’ आणि ‘.आरए’ बहुतेक व्हीएलसीमध्ये लागतील, रियलप्लेअरची गरज नाही. ‘.रॅम’ मात्र नोटपॅडमध्ये उघडून बघा : एका ओळीत इंटरनेटचा पत्ता असेल. आवाज त्या पत्त्यावर होता, तुमच्याकडे नाही. उरलेल्यांची ‘फ्लॅक’ प्रत करा, त्या पद्धतीत आवाजातलं काही गळत नाही. मूळ मुद्रण आधीच फार दाबलेलं आहे. एमपी३ केलं की ते दुसऱ्यांदा दाबलं जाऊन टाळांचा आवाज फुटतो. मूळ फाइलीही जपा.

खासबाग मैदानातल्या कुस्तीचं जुनं चित्रण एव्हीआय फाइलीत आहे. आवाज येतो, पडदा काळा. एका लॅबनं एमपी४ करून दिलं, त्यात पैलवान हलले की कंगव्यासारख्या रेघा येतात आणि अंगानं बारीक दिसतात.
– तालमीशी संबंधित एक वाचक, मंगळवार पेठ

मीडियाइन्फोमध्ये कोडेकच्या, म्हणजे चित्र दाबायच्या पद्धतीच्या, ओळीत ‘आयव्ही३२’, ‘आयव्ही४१’ किंवा ‘आयव्ही५०’ असं काही असेल. हे इंडिओ कोडेक. सुरक्षेच्या कारणानं मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २००९ च्या अपडेटमध्ये एक्सपीवरही ते जवळपास बंद केलं. जुना कोडेक शोधून बसवू नका. ‘एफएफएमपेग’ या मोफत साधनाला इंडिओ स्वतःच वाचता येतं, आणि शटर एन्कोडर आतून एफएफएमपेगच वापरतं.

रेघा लॅबच्या घाईमुळे आल्या. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं विणलेलं असतं : एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर. पैलवान हलला की दोन अर्ध्यांत तो दोन जागी असतो, त्याच या रेघा. मूळ एव्हीआयवरून पुन्हा करा. डीइंटरलेस, म्हणजे ही वीण सोडवणं, चालू ठेवा, पद्धत ‘बीडब्ल्यूडीआयएफ’, आणि सेकंदाला ५० चित्रं मागा. २५ घेतली तर निम्मी हालचाल जाते, आणि घिस्सा किंवा कलाजंग नेमका कसा बसला हे त्या हरवलेल्या निम्म्यातच असतं. हालचाल पुढं-मागं झटके खात दिसली तर सम-विषमचा क्रम उलटा लागलाय, तो बदला. डीव्ही टेपवरून घेतलेल्या फाइलीत खालची ओळ आधी असते. चित्र ७२० बाय ५७६ असेल तर दाखवायचं प्रमाण ४:३ ठेवा. ठिपके चौरस धरले गेल्यामुळे माणसं बारीक दिसताहेत.

एच.२६४ या पद्धतीनं नवी फाइल करताना दर्जा ठरवणारा ‘सीआरएफ’ हा आकडा १८ ठेवा. आणि मूळ एव्हीआय दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक तालमीबाहेर कुणाच्या तरी घरी, वरच्या मजल्यावर.

विंडोज मीडिया प्लेअरनं २००४ साली संगणकावर उतरवलेली गाणी नव्या लॅपटॉपवर ‘परवाना नाही’ म्हणतात.
– एक वाचक, इचलकरंजी

त्या वेळी सीडीवरून गाणी उतरवताना ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण राहून गेली असणार. अशा ‘.डब्ल्यूएमए’ फाइलीचं कुलूप त्या एकाच संगणकाला बांधलेलं असतं. नुसती फाइल हलवून उपयोग नाही. जुना संगणक सुरू होत असेल तर त्यावर फॉर्मॅट मारू नका, परवाना तिथंच आहे. मूळ सीडी घरात असतील तर त्या काढून पुन्हा ‘फ्लॅक’मध्ये उतरवून घ्या.