आतेभावाच्या बोटीच्या कर्जाला जामीन आहे, हप्ते थकलेत. नौदल गोदीच्या अटेस्टेशन फॉर्मात (नेमणुकीआधी पूर्वचारित्र्य पडताळण्यासाठी भरून घेतात तो) हे लिहावं का? अमेरिकेत कर्ज लपवलं तर क्लिअरन्स (गोपनीय कामाची परवानगी) जातो, असं वाचलंय.

थकलेलं कर्ज वेगळं आणि लपवलेलं कर्ज वेगळं. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी आस्थापना शाखेत कारकुनी केली, आता देवगडला असतो. दुसऱ्या प्रकारात मी स्वतःच अडकलो होतो.

चुलतभावाने इंजिनासाठी पतपेढीचं कर्ज काढलं. "तू नुसती सही कर, दोन सीझनात फेडतलंय," म्हणाला. केली सही. सीझन आले नि गेले, बांगडा काही मिळाला नाही. पतपेढीने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश, मिळवला. नोटीस घरी आली, ती मी ट्रंकेत आईच्या लुगड्यांखाली सारली. चार महिन्यांनी पगारातून कपातीचा आदेश थेट ऑफिसात! टपाल फोडणारा माझ्या शेजारच्याच टेबलावर. मेमो मिळाला. कर्ज का केलंत, असं त्यात कुठेच नव्हतं. कारवाई सुरू झाल्याचं कळवलं का नाही, एवढाच प्रश्न. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १७ हेच सांगतो: कर्जवसुलीची कायदेशीर कारवाई सुरू झाली की सगळी हकिकत ताबडतोब कळवायची. हाच नियम मी दुसऱ्यांच्या फायलींवर कितीदा लिहिला होता.

अमेरिकेत कर्ज लपवलं तर क्लिअरन्स जातो, हे तुम्ही वाचलंय ते बरंचसं खरं. तिथे क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मात गेल्या ७ वर्षांतली थकबाकी सरळ विचारतात. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी वाकडी वाट धरेल ही एक शंका, आणि मुद्दाम लपवलं तर खोटेपणाचा मुद्दा स्वतंत्र. कर्ज आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने झालं, आता फेडतोय, असं दाखवता आलं तर ते विचारात घेतात. कुणी पकडण्याआधी आपणहून चूक दुरुस्त केली तर तेही जमेस धरतात.

आपल्या फॉर्मात मुख्य प्रश्न अटक, खटला, दंड, शिक्षा असे असतात. खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर अपात्र ठराल, हा इशारा अगदी वर छापलेला असतो. तो कुणी वाचत नाही. नोकरीच्या फॉर्मात माहिती दडवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विचारलेल्या गोष्टीचं उत्तर खरंच हवं, पण जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे दडवणं नव्हे. वसुली दाखला हा फौजदारी खटला नाही. त्यामुळे कर्जाचा रकाना नसेल तर समासात जामीनकीची कहाणी लिहू नका. रकाना असेल तर मात्र रकमेसकट लिहा.

बँकेची नोकरी असती तर मी इतकं बिनधास्त सांगितलं नसतं. तिथे सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघतात. स्टेट बँकेने सिबिल खराब या कारणाने एकाची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

आधी पतपेढीत जा, तुमच्या नावावर दाखला निघालाय का ते लेखी मागा. निघाला असेल तर, फॉर्मात रकाना नसला तरी, नियम १७ लक्षात ठेवून रुजू होतानाच अर्जासोबत त्याची प्रत द्या. पोच घेताना आवक नंबर आणि तारीख पडलीय ना, ते तिथेच उभं राहून बघा.