सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचा बीपी चौदाव्या वर्षी 132/78 आलाय. कमी दिवसांचा असण्याशी संबंध आहे का? गोळी लागेल का?

संबंध आहे. "काचेच्या पेटीतून बाहेर आला, वजन भरलं, आता विसरा" असं सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. अशा मुलांची फुप्फुसं, डोळे सगळे बघतात. रक्तवाहिन्यांची आठवण कोणाला येत नाही.

धमनी ताणली की परत आवळणारं इलॅस्टिन मुख्यतः शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात तयार होतं. पुढे ती कमतरता फारशी भरून निघत नाही. मूत्रपिंडातले निम्म्याहून जास्त नेफ्रॉनही, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म भाग, शेवटच्या तिमाहीतलेच. इलॅस्टिन कमी म्हणून धमन्या जरा अरुंद, जरा ताठ राहतात; नेफ्रॉन कमी असले की बीपी वाढायला हातभार लागतो.

तरीही 132 चं सगळं खापर त्यावर फोडू नका. अशा मुलांचा वरचा आकडा सरासरीने दोन-चार अंकांनीच जास्त असतो. उरलेलं वजन, मीठ, झोप, किंवा सरळ चुकीचा पट्टा.

पट्टा लहान असला की आकडा हमखास जास्त येतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी त्याच्या किमान 40 टक्के हवी आणि लांबीने 80 टक्के घेर झाकला पाहिजे. घेर 26 सेंमी असेल तर साधारण 10.5 बाय 21. उजवा हात, पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, बोलणं बंद. मशीनवर जास्त आला तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून खात्री करायची.

तेराव्या वर्षापासून 130/80 म्हणजे उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा. दोन्हींपैकी एक आकडा पुरतो, त्यामुळे खालचा 78 आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. वेगवेगळ्या तीन भेटींत तसाच आला तर 24 तासांचं मशीन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), मूत्रपिंडाची सोनोग्राफी. एकदा पायाचा बीपीही घ्यायला सांगा. डिस्चार्ज कार्ड शोधून न्या. नाळेच्या धमनीत नळी घातली होती का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. त्या नळीमुळे झालेली गुठळी मूत्रपिंडाच्या धमनीत अडकू शकते.

गोळीचं त्यानंतर बघू. मात्र 140/90 किंवा वर गेला, किंवा डोकं ठणकतंय, धूसर दिसतंय, तर तीन भेटींची वाट बघू नका. आणि अंगदुखीला आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका.