सुपरहिरो बघायचेत? जपानपासून सुरू कर

बाबू, अमेरिकी मालिका नंतर. आधी १९५४चा ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला राक्षसाचा सिनेमा बघ. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेनं फोडलेल्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. ती भीती त्या राक्षसाच्या अंगावर दिसते. मग १९६६ची सुपरहिरोची मालिका, ‘अल्ट्रामॅन’. छातीवरचा दिवा लुकलुकायला लागला की त्याची वेळ संपत येते, आणि तिथंच आपला जीव त्याच्यात अडकतो. नुसत्या ताकदीत काय आहे? अमेरिकी ‘पॉवर रेंजर्स’मधल्या कितीतरी मारामाऱ्या मुळात जपानी मालिकेतल्याच. आणि आपला ‘शक्तिमान’! त्याची शक्ती योगातून, कुंडलिनीतून येते. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आम्ही सगळी पोरं एकाच टीव्हीपुढे बसायचो. रविवारी ये बर्डीवरून सरळ घरी, ‘गोजिरा’ सोबतच बघू.