रक्तप्रवाह मोजायचाय? मग भौतिकशास्त्र सोडू नका

ताई, तुमची मुलगी सांगलीत बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जिवंत उंदराच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याच्या तंत्रांवर पीएच.डी. करायची आहे, आणि घरचे म्हणतात, "हे डॉक्टरांचं काम. शिवाय मुक्या जिवांना त्रास."

पहिली शंका तर मी लगेच खोडतो. ही तंत्रं मुळात प्रकाशशास्त्रातून आली आहेत. लेझर स्पेकल पद्धत फेर्शर आणि ब्रायर्स या संशोधकांनी 1981 मध्ये मांडली. लेझरच्या उजेडात ऊतीवर दाणेदार नक्षी दिसते. रक्तपेशी वाहतात तिथे ती कॅमेऱ्यात पुसट होते. प्रवाह वाढला की घटला एवढंच यातून नीट कळतं. एकेका केशवाहिनीतला वेग हवा असेल तर टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक, म्हणजे जिवंत ऊतीत खोलवर पाहणारा लेझरचा सूक्ष्मदर्शक, लागतो. रक्तद्रवात चमकणारा रंग सोडतात, तांबड्या पेशी काळ्याच राहतात. वाहिनीवरची एकच रेघ पुन्हापुन्हा टिपून त्या रेघा एकाखाली एक मांडल्या की पेशींचे तिरके पट्टे उमटतात आणि पट्ट्याच्या उतारावरून वेग निघतो. हे गणित तुमच्या लेकीला आजही जमेल.

तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली, सलाईनच्या नळीतून पातळ दूध सोडावं, त्यावर लेझर टाकावा आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ) कायम ठेवून चित्रं घ्यावीत. पायथॉन या संगणकभाषेत प्रत्येक छोट्या चौकटीचं प्रमाण विचलन भागिले सरासरी काढावं. नळीचं चाक फिरवल्यावर हा आकडा, म्हणजे नक्षी किती ठळक आहे त्याचं माप, बदलतो का, ते पाहावं. प्रवेशाच्या मुलाखतीत असं स्वतः केलेलं काम गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतं, असं माझं ठाम मत आहे. पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग पीएच.डी. तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीवरही लक्ष ठेवावं.

दुसरी शंका मात्र खरी आहे, ती झटकू नका. अशा प्रयोगांत कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्याकडे संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही. प्रतिमांमुळे एकाच उंदराकडे अनेक आठवडे पाहता येतं, म्हणून प्राणी कमी लागतात. भूल दिली की रक्तप्रवाहच बदलतो, त्यामुळे काही ठिकाणी जागेपणी मोजमाप करतात आणि प्राण्याला आधी हळूहळू सवय लावतात. तरीही हे काम प्रत्येकाच्या मनाला झेपेल असं नाही. पीएच.डी.ला नाव घालण्याआधी तिने अशा प्रयोगशाळेत काही आठवडे घालवावेत. नाही झेपलं, तर हीच विद्या डोळ्याच्या पडद्यातला रक्तप्रवाह तपासणाऱ्या, माणसांसाठीच्या उपकरणांतही लागते.