टनेज काढलं म्हणजे डिझाइन झालं?

तुमचं पत्र वाचलं. तुमची मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑफिससाठी हीटिंग-कूलिंगची यंत्रणा डिझाइन थिअरीने कशी निवडावी, हा प्रोजेक्ट तिने घेतलाय. ‘एसीवाल्याचं काम’ म्हणून तुम्हाला तो नको आहे. गुण चांगले आहेत, त्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटली ती तुमच्या अटीची: विषय बदलला नाही, तर पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत. याला सल्ला म्हणत नाहीत, धाक म्हणतात. एवढ्या मोठ्या पत्रात तिला या विषयात काय दिसलं, हे तुम्ही विचारल्याचं एका ओळीतही नाही. आणि एसी दुरुस्त करणाऱ्याला कमी लेखायचंही काही कारण नाही.

तुम्ही लिहिता, ‘जागा मोजायची, टनेज काढायचं, मशीन बसवायचं, यात थिअरी कसली?’ एक टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॅट उष्णता काढून टाकायची क्षमता. किती गारवा लागेल ते यातून कळतं. यंत्रणा कोणती हवी ते कळत नाही. एमआयटीचे प्राध्यापक नाम सुह यांनी 1990च्या पुस्तकात अ‍ॅक्झिओमॅटिक डिझाइन, म्हणजे ठरावीक मूलभूत नियमांवरून डिझाइन पारखायची थिअरी, मांडली. त्याचा पहिला नियम असा, की एक गरज भागवताना दुसरी बिघडता कामा नये. नेहमीच्या एसीत एकच थंड कॉइल हवा गार करते आणि तिच्यातला दमटपणाही काढते. पावसाळी दिवशी ऊन नसतं, दमटपणा मात्र भरपूर. खोली लवकर गार होते, थर्मोस्टॅट कूलिंग थांबवतो आणि अंग चिकचिकतं. हवा आणखी गार करून कोरडी करावी तर माणसं कुडकुडतात. मग तीच हवा पुन्हा तापवायची, वीज दोनदा जाळायची! यावर एक उपाय म्हणजे बाहेरची ताजी हवा वेगळ्या यंत्राने कोरडी करून आत सोडायची आणि खोलीतली उष्णता छतातल्या गार पाण्याच्या पॅनेलने काढायची. तरी क्रम पाळावा लागतोच: आधी हवा कोरडी, मग पॅनेल गार. उलट केलं तर छतावर दव धरून टेबलांवर थेंब पडतील. तुमची मुलगी या गुंत्यावर काम करतेय.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, सल्लागार कंपन्या, एनर्जी ऑडिट हे रस्ते तिला ठाऊक असतीलच. नुसत्या थिअरीवर मात्र भागणार नाही. हीट लोडचं, म्हणजे किती उष्णता काढायची त्याचं, गणित आणि हवेचं तापमान व दमटपणा यांचं नातं दाखवणारा सायक्रोमेट्रिक चार्ट हातात बसायला हवा, आणि साइटवर कमिशनिंग, म्हणजे बसवलेली यंत्रणा सुरू करून तपासण्याचं काम, चालू असताना तिने काही आठवडे उभं राहायला हवं.

यापुढचं पत्र तिला लिहू द्या. तोवर पैशाची अट मागे घ्या, आणि तसं तिला स्वतः सांगा.