गाणे कोणाचे, निर्णय कोणाचा

गेल्या अंकात मी स्वतंत्र संगीताविषयी लिहिले होते. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या आणि चित्रपट यांच्या बाहेर राहून कलावंत स्वतःच्या जबाबदारीवर जे संगीत करतात, ते टिकायचे असेल तर श्रोत्यांनी त्याचे आश्रयदातेही व्हायला हवे, असे मत मी त्या लेखात मांडले होते. त्यावर नाशिक शहर व परिसरातून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पन्नाशी ओलांडलेला, नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकत वाढलेला श्रोता आहे. आपला लेख वाचून मोबाइलवरच्या ॲपवर ‘इंडी’ (म्हणजे ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र) असे लिहून शोध घेतला, तर गिटारवर हलकेच गुणगुणलेली, एकाच धाटणीची गाणी समोर आली. माझ्या कानाला रुचेल असे यात काही आहे का? सुरुवात कोठून करावी? (इंदिरानगर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ॲपवरील तयार याद्या पुष्कळ लोकांनी मध्येच न सोडलेल्या गाण्यांच्या आधारे बनत जातात, त्यामुळे कोणालाही न खटकणारी गाणी त्यांत वर येतात आणि कान टवकारायला लावणारी गाणी खाली राहतात. गायक-गीतकार प्रतीक कुहाड यांच्या २०१८ मधील ‘कोल्ड/मेस’ या ध्वनिमुद्रणातील संयम मला मनापासून आवडतो. मात्र त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी तो संयम न घेता केवळ हळू आवाज घेतला, असे माझे मत आहे. त्या गाण्यांत चाल जागची हलत नाही आणि शब्द स्वतःच्या खोलीबाहेर पडत नाहीत.

नाट्यसंगीत ऐकलेल्या कानाला मी प्रथम दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’कडे नेईन. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात असत, आणि त्यामुळे ठेका व स्वर एकाच श्वासातून आल्यासारखे वाटतात. सुस्मित सेन यांची गिटार सतारीच्या अंगाने जाते. शीर्षकगीत ही केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाची जुनी प्रार्थना आहे, तर ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या खोऱ्यातले गाणे आहे, आणि ते गाणारे राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले आहेत. या गाण्यात नदीचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते, तेव्हा ते कोठून तरी उचलून आणल्यासारखे वाटत नाही, याचे कारण मला तेथे सापडते.

‘कंदिसा’ मोठ्या कंपनीमार्फत बाजारात आला होता, हे सांगितले पाहिजे. या बँडने पूर्णपणे स्वतःच्या हिमतीवर उचललेले पाऊल दहा वर्षांनंतरचे आहे. २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम त्यांनी एकेक गाणे करत आपल्या संकेतस्थळावरून लोकांना विनामूल्य दिला. दिल्लीच्या ज्या घरात ते वर्षानुवर्षे तालीम करत, त्या घराचा पत्ताच अल्बमचे नाव झाला. २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले होते, त्यामुळे त्यांचा आवाज असलेला हा शेवटचा अल्बम ठरला. ज्या बँडला विक्रीची खात्री होती, त्याने गाणी मोफत देण्याचा निर्णय स्वतः घेतला, याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व आहे. स्वतंत्र संगीत एका विशिष्ट आवाजावरून ओळखू नये. गाणे किती लांब असावे, कोणत्या भाषेत असावे, कोणत्या किमतीला किंवा किमतीविना द्यावे, हे कोणी ठरवले, यावरून ते ओळखावे.

त्यानंतर बेंगळुरूच्या ‘परवाझ’चा २०१४ मधील ‘बारान’ ऐकावा. उर्दू आणि काश्मिरी भाषेतील त्यातली गाणी घाई करत नाहीत, आणि विलंबित ख्यालाला सरावलेल्या श्रोत्याला त्यांची लांबी जाचणार नाही. सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावाने करत असलेले काम याच्या अगदी उलट आहे. २०१९ च्या ‘जागो’मध्ये इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर सपाट, जवळजवळ निर्विकार वाटणारा हिंदी गळा आहे, आणि पहिल्या ऐकण्यात तो आवडेलच असे नाही. मला तो हळूहळू, विशेषतः रात्री हेडफोन लावून ऐकताना उमगला.

आणखी एका ध्वनिमुद्रणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. रूपा बिस्वास या बंगाली गायिकेने १९८२ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ‘डिस्को जॅझ’ हा अल्बम केला आणि त्यात आशिष खान यांचे सरोद होते. त्या काळी तो कोणी फारसा ऐकला नाही. पुढे इंटरनेटवरील श्रोत्यांनी तो शोधून काढला, आणि २०१९ मध्ये न्यूमेरो ग्रुप या अमेरिकी स्वतंत्र कंपनीने तो रीतसर पुन्हा प्रसिद्ध केला. ‘आज शनिबार’ या गाण्यात डिस्कोच्या ठेक्याखालून सरोद वर येते ती जागा ऐकताना, इतकी वर्षे हे आपल्यापर्यंत का पोहोचले नाही, याची हळहळ वाटते. जाहिरात नव्हती म्हणून जे हरवते, ते श्रोते परत आणू शकतात, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

पुढचा मार्ग मात्र याद्यांतून काढू नका. अल्बमची श्रेयनामावली वाचा. गिटार आवडली तर तो वादक आणखी कोणाबरोबर वाजवतो ते पाहा. सुस्मित सेन यांनी २०१३ मध्ये ‘इंडियन ओशन’ सोडले, तर त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांकडे वळा. आपल्या पिढीने अमुक गायकाचा गुरू कोण, गुरुबंधू कोण, असे विचारत घराणी ऐकली. तीच सवय येथेही उपयोगी पडते.

प्रश्न : हे सारे महानगरांतील, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे हौसेचे प्रकरण वाटते. मराठीचा आणि आपल्या नाशिकचा त्याच्याशी संबंध तो काय? (पंचवटी)

उत्तर : पंचवटीतून हा प्रश्न यावा याचे मला विशेष वाटले, कारण त्याचे उत्तर पंचवटीतूनच सुरू होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते कोणा संस्थानिकाच्या तनख्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि मैफलींचे उत्पन्न यांच्या बळावर. ज्या काळात गवई म्हणजे दरबारचा नोकर, असे समीकरण होते, त्या काळात त्यांनी सामान्य माणसाला गाण्याचा आश्रयदाता केले. या मार्गाची किंमतही त्यांनी मोजली. संस्थेची मुंबईतील इमारत कर्जापायी गेली, आणि उत्तरायुष्यात ते नाशिकला, पंचवटीतील रामनाम आधार आश्रमात राहिले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. कोणाच्या मर्जीवर गावे हा प्रश्न विष्णु दिगंबरांनी इतक्या स्पष्टपणे मांडला होता की, आजच्या कोणत्याही बँडने त्यांना आपला पूर्वज मानायला हरकत नाही.

दुसरे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेल्या या लोककवीने आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गीते रचली. ती कोणत्याही कंपनीच्या वितरणाची वाट न पाहता सभांतून, जयंतीच्या कार्यक्रमांतून, एका गायकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात महाराष्ट्रभर पोहोचली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि ती गीते आजही वस्त्यावस्त्यांतून गायली जातात. स्वतंत्र संगीतावरील चर्चांत मी वामनदादांचे नाव क्वचितच ऐकतो. जिल्ह्यातील एवढा मोठा वारसा बाजूला ठेवून परदेशातील उदाहरणे देत राहणे मला खटकते.

तरीही परदेशातील एक उदाहरण देतो, कारण ते महानगराविषयीच्या आपल्या शंकेशी जोडलेले आहे. १९७७ च्या जानेवारीत ‘बझकॉक्स’ या बँडने मित्र व कुटुंबीयांकडून ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली. पहिली खेप १००० प्रतींची होती. त्यानंतर स्वतःची तबकडी स्वतः काढणाऱ्यांची इंग्लंडमध्ये रांग लागली. हा बँड लंडनचा नव्हता, मँचेस्टरचा होता, आणि राजधानीत न जाताही आपले काम होऊ शकते हे त्याने दाखवले. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांकडे पाहत बसलेल्या नाशिकच्या कलावंतांनी हे ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

मराठीत काय आहे, असेही आपण विचारले आहे. २००३ पासून सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमातून स्वतःची नवी गाणी मोजक्या साथीदारांसह तिकीट लावून लोकांपुढे ठेवली आणि मराठी माणूस नव्या गाण्यासाठी पैसे मोजत नाही हा समज खोटा ठरवला. कौशल इनामदार यांनी २०१० मध्ये लोकवर्गणीचा आधार घेऊन मराठी अभिमानगीत उभे केले. आजच्या पिढीत ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड संतांचे अभंग बास गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गातो. मला त्यांचे काम जेथे टाळ-मृदंगाची मूळ चाल सांभाळून वाद्ये भोवती उभी राहतात तेथे अधिक भावते, आणि जेथे अभंगाला केवळ जोश चढवला जातो तेथे कमी.

सर्वांत मोलाचा शोध मात्र ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप समूहाचा. त्यांचे एमसी मवाली मराठीत रॅप करतात. २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरे येथील आदिवासी पाड्यात राहणारे वारली कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि जंगल व जमीन यांविषयीचे त्यांचे म्हणणे कोणी दुसऱ्याने त्यांच्या वतीने मांडलेले नाही. पेठ-सुरगाण्याकडे तारपा किंवा पावरी ही आदिवासी वाद्ये ऐकलेल्या माणसाला हे गाणे परके वाटणार नाही. आदिवासी संगीताचा तुकडा चवीपुरता वापरणारी गाणी पुष्कळ आहेत. येथे गाणेच त्या माणसाभोवती रचले आहे.

प्रश्न : नाशिकला सुलाफेस्टसारखा महोत्सव सुरू झाला. नवे बँड ऐकायला तेवढे पुरेसे नाही का? (गंगापूर रोड)

उत्तर : पुरेसे नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाने देशोदेशीचे कलावंत आपल्या दाराशी आणले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु महोत्सवात प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळते, आणि कलावंत त्या वेळेत आपली सर्वांत उठावदार गाणी वाजवतात. जाण्यापूर्वी त्यांचा एखादा अल्बम सलग ऐकून जा, म्हणजे त्यांनी काय वगळले तेही कळेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. एका परदेशी संकेतस्थळावरून तो एका बँडचा अल्बम विकत घेण्यासाठी पैसे मागतो. सर्व काही फुकट ऐकता येत असताना पैसे का द्यावेत, हे मला समजत नाही. (नाशिकरोड)

उत्तर : आपला मुलगा ज्या संकेतस्थळाविषयी बोलतो ते बहुधा ‘बँडकॅम्प’ असावे. तेथे डिजिटल विक्रीतून सामान्यतः १५ टक्के संकेतस्थळाला आणि काही रक्कम पैसे हस्तांतरणाच्या खर्चापोटी जाते, आणि उरलेला मोठा वाटा कलावंताला मिळतो. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या काळात त्यांनी ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा न घेण्याचा उपक्रमही सुरू केला. याउलट गाणी ऐकवणाऱ्या ‘स्पॉटिफाय’ या ॲपवर २०२४ पासून असा नियम आहे की, मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. लहान बँडची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात. म्हणजे आपल्या मुलाने तेच गाणे ॲपवर कितीही आवडीने ऐकले, तरी कलावंताच्या हाती काहीच न पडण्याची शक्यता आहे.

भारतीय कलावंतांच्या बाबतीत एक अडचण आहे. बँडकॅम्पवरील पैसे त्यांच्यापर्यंत ‘पेपाल’ या ऑनलाइन सेवेमार्फत जातात. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले, त्यामुळे येथल्या श्रोत्याला येथल्याच कलावंताला त्या मार्गाने पैसे देता येत नाहीत. अशा वेळी कार्यक्रमाचे तिकीट काढावे किंवा कलावंताकडून थेट सीडी अथवा टी-शर्ट घ्यावा. आपण मुलाला पैसे द्यावेत असे मी नि:संकोचपणे सुचवतो. त्याबरोबर त्याने तो अल्बम आपल्याला शेजारी बसवून ऐकवावा, अशी अटही घालावी.

प्रश्न : आम्ही चार महाविद्यालयीन मित्रांनी बँड केला आहे. कुसुमाग्रजांच्या एका कवितेला आणि तुकोबांच्या एका अभंगाला चाल लावली आहे, शिवाय स्वतःची तीन गाणी आहेत. ती प्रसिद्ध करण्यापूर्वी काय पाहावे? (कॉलेज रोड)

उत्तर : अभंगाबाबत प्रश्न नाही, तो सर्वांचा आहे. कवितेचे तसे नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. कुसुमाग्रजांचे निधन १० मार्च १९९९ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत आहे. आपल्याच शहरातील कुसुमाग्रज प्रतिष्ठानकडे चौकशी करून सुरुवात करा आणि हक्कधारकांची परवानगी लेखी घ्या. आदरापोटी केलेले काम असले तरी परवानगी लागतेच, आणि ती घेण्यात तो आदर अधिक दिसतो.

स्वतःच्या तीन गाण्यांत प्रत्येकी दोन वेगळे हक्क आहेत, एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. कोणी शब्द लिहिले, कोणी चाल बांधली, खर्च कोणी केला आणि उत्पन्न कसे वाटायचे, हे चौघांनी आत्ताच, मैत्री घट्ट असताना, कागदावर लिहून सह्या करा. गीतकार व संगीतकार असलेल्यांनी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घ्यावे. २०१२ च्या कायदादुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा करारानेही काढून घेता येत नाही, त्यामुळे एकरकमी पैसे देऊन सर्व हक्क कायमचे मागणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराला दाखवा. ॲपवर गाणी पोहोचवणारे वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, देतात. तो जपून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तरी तोच क्रमांक वापरावा लागतो.

पहिला कार्यक्रम कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात करण्याचा मोह टाळा. मर्यादित आसनांचे सभागृह घ्या, तिकीट कमी ठेवा पण ठेवा, आणि पाचही गाणी वाजवून झाल्यावर त्यांतले कोणते पुन्हा ऐकायचे आहे, हे श्रोत्यांना विचारा. ध्वनिमुद्रणासाठी पैसे कमी पडले तर प्रथम तेवढे एकच गाणे चांगले करून घ्या.