धुरा पेटवायच्या आधी

भाऊ, यंदा पहिल्यांदाच स्वतः वावर करतोयस म्हणून सांगतो. सुरुवात धुऱ्यापासून, म्हणजे वावराच्या बांधापासून कर.

उन्हाळ्यात सगळेच धुरे पेटवतात. मीही पेटवायचो. एका साली आग विझल्यावर फिरलो, तर बोरीच्या बुडाशी तित्तराची अंडी दिसली, काळी पडून तडकलेली. त्या दिवसापासून काडी लावली नाही. गवत फारच माजलं तर विळ्यानं काप. एका बाजूचं यंदा, दुसऱ्या बाजूचं पुढच्या साली. बोर, बाभूळ, पळस उभे राहू दे. सावलीत कपाशीची एखादी ओळ बारीक राहील, राहू दे.

हरभऱ्यात दोन काड्या बांधून पक्षीथांबे रोव. कोतवाल, साळुंक्या त्यावर बसून घाटेअळी टिपतात. दाणे भरू लागले की थांबे काढ. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीवर मात्र हा उपाय चालत नाही, ती बोंडाच्या आत असते.

उंदरांसाठी विष टाकू नकोस. विषानं मेलेला उंदीर खाऊन घुबडही मरतं, आणि रात्रभर उंदीर मारणारं तेच असतं.

विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांध. अंधारात कोल्हा, रानमांजर आत पडतं.

आणि वरच्या अंगाला मुरमाड पडीक तुकडा आहे ना, तो नांगरू नकोस. अकोला-वाशीमकडं असल्याच गवतात पावसाळ्यात तणमोर हा दुर्मीळ पक्षी अंडी घालतो. तुझ्याकडं तो येईल न येईल, लावे तर नक्की राहतील.